खाऱ्या टाकीचे गोडे पाणी

भोजनगृहाच्या व्हरांड्यातील दहा फूट लांब, तीन फूट रुंद व तीन फूट उंच काचेची टाकी पाहून माजी विद्यार्थी आणि पालक विचारतात, संस्थेने एवढा खर्च कशासाठी केला? टाकी विकत घेतलेली नाही. मुंबईतील एका हितचिंतकांच्या घरी ती प्रवाळ-मत्स्यालय म्हणून होती; घर सोडताना त्यांनी ती वसतिगृहाला दान दिली. ती कशी आणली आणि तिच्यात समुद्र का ठेवला नाही, हे सांगण्यासाठी हा लेख.

टाकीत सुमारे अडीच हजार लिटर पाणी मावते. पाणी, काच आणि दगड मिळून वजन तीन टनांच्या आसपास जाते. राहत्या घरांचे मजले चौरस मीटरला साधारण २०० किलो वापरभार धरून बांधतात. या टाकीचा भार त्याच्या पाचपट आहे. म्हणून ती तळमजल्यावर, पक्क्या ओट्यावर, खाली थर्मोकोल अंथरून बसविली.

वजनापेक्षा जिवांचा प्रश्न अवघड होता. प्रवाळ-मत्स्यालयाचा प्राण पाण्यात कमी आणि दगडांच्या छिद्रांत अधिक असतो. मासे अमोनिया बाहेर टाकतात. तो त्यांनाच विषारी. छिद्रांत वसलेले जिवाणू त्याचे प्रथम नायट्राइट आणि मग बरेच कमी घातक असे नायट्रेट करतात. दगड वाळले की त्यांतील सूक्ष्म जीव मरतात, कुजतात आणि पाणी शुद्ध करणारा दगडच विष सोडू लागतो. त्यामुळे असे मत्स्यालय हलविताना दगड खाऱ्या पाण्यात बुडवूनच न्यावे लागतात. मासे सर्वांत शेवटी, पाणी उतरवल्यावर पकडतात. तळाची जुनी वाळू ढवळली तर सडक्या अंड्यांच्या वासाचा विषारी वायू सुटू शकतो, म्हणून ती टाकून देणेच बरे. प्रतीत्यसमुत्पाद शिकविताना याहून नेमके उदाहरण आम्हांस अद्याप सापडलेले नाही.

मासे, मऊ प्रवाळ आणि त्यांचे दगड दात्यांनी मुंबईतच दुसऱ्या जाणकारांकडे सोपविले. (अश्मप्रवाळ त्यांच्याकडे नव्हते, ते १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत येतात.) मासे समुद्रात सोडावेत, पुण्य लागेल, असेही कोणी सुचविले. आमचा त्याला स्पष्ट विरोध होता. हिंद व प्रशांत महासागरांतील लायनफिश १९८५ मध्ये फ्लोरिडाच्या किनाऱ्याजवळ आढळला. हौशी पाळणाऱ्यांनी सोडलेल्या माशांपासून तो पसरला, असे मानले जाते. पुढे कॅरिबियन समुद्रभर त्याने स्थानिक लहान मासे फस्त केले. प्रज्ञेशिवाय केलेली करुणा अशी महागात पडते.

टाकीत पुन्हा समुद्र का केला नाही? समुद्राच्या लिटरभर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. म्हणजे टाकी एकदा भरण्यास जवळपास ८७ किलो खास मीठ लागले असते. स्वयंपाकघरातले चालत नाही. भारनियमनात पंप बंद पडला की गच्च भरलेल्या प्रवाळ-मत्स्यालयातील प्राणवायू झपाट्याने उतरतो. शिवाय काढलेले खारे पाणी जमिनीवर ओतले तर जमीन नासते. मुलांच्या ताटातून वाचवून समुद्र पोसावा, हे आम्हांस पटले नाही.

मग काचेवरचे चुन्याचे थर व्हिनेगरने काढले, टाकी आठवडाभर भरून ठेवून जोड तपासले आणि नदीचे गोटे घातले. समुद्री जिवाणू गोड्या पाण्यात उपयोगाचे नसतात; नवी वसाहत तयार होण्यास महिना-दीड महिना लागतो. तोवर माशांविना टाकी पाहून विद्यार्थी आम्हांस टोमणे मारीत.

आज तीत शिंगाळा, वाम आणि काचेच्या पडद्याआड मरळ आहे. मरळ हवेतूनही श्वास घेते, वीज गेली तरी तगते. गोदाकाठच्या गावांतून आलेल्या मुलांना या माशांच्या सवयी आमच्यापेक्षा अधिक ठाऊक आहेत. त्या तासाला शिक्षक तेच असतात.

टाकीचे 'चवदार' हे नावही विद्यार्थ्यांनीच ठेवले. २० मार्च १९२७ चा महाडचा इतिहास आम्हीच शिकवतो, तेव्हा हरकत घेण्याचा प्रश्नच नव्हता. दर रविवारी नववीची तुकडी अडीचशे लिटर पाणी बदलते. काढलेल्या पाण्यातील नायट्रेट पिकाला खत होते. ते पाणी मेथी-पालकाच्या वाफ्यांना जाते.