पालक्कुरिची आणि अर्थशास्त्राचं इंग्रजी

गिल्बर्ट स्लेटर हे मद्रास विद्यापीठातले भारतीय अर्थशास्त्राचे पहिले प्राध्यापक. त्यांनी विद्यार्थ्यांच्या हाती प्रश्नावली देऊन त्यांना खेड्यांची पाहणी करायला लावली. त्यातून 1918 साली निघालेल्या इंग्रजी पुस्तकात तेव्हाच्या तंजावर जिल्ह्यातलं, कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातलं पालक्कुरिची आहे.

अशा पाहणीचा इंग्रजीशीही संबंध आहे. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याचं इंग्रजी अडतं ते बरेचदा ओळखीच्या शब्दांपाशी. ‘डिमांड’ म्हणजे नुसती इच्छा नव्हे. दिलेल्या किमतीला घेण्याची तयारी हवी, ऐपतही हवी. ‘रेंट’ त्याहून अवघड. पालक्कुरिचीच्या भागात कुत्तगै पद्धतीत कुळानं मालकाला ठरलेलं भात द्यायचं. वारम पद्धतीत जे पिकेल त्याची वाटणी. पीक बुडालं, तर पहिल्यात झळ मुख्यतः कुळाला, दुसऱ्यात दोघांनाही. दोन्हीकडे नुसतं ‘रेंट’ लिहिलं, तर जोखीम कोणाच्या माथी हेच दिसत नाही. म्हणून एकाला ‘फिक्स्ड रेंट’, दुसऱ्याला ‘शेअर टेनन्सी’. हा फरक व्याख्या घोकून मुरत नाही. कुळाशी त्याच्या भाषेत बोलून, मिळालेले आकडे इंग्रजी तक्त्यात बसवताना तो पक्का होतो. स्लेटर यांची पद्धत मला त्यासाठीच मोलाची वाटते.

स्लेटर यांच्यानंतर पालक्कुरिचीची फेरपाहणी झाली, पुढे 2019 मध्येही अभ्यासक तिथे गेले. पण अशा पाहणीसाठी तिथेच जायला हवं असं नाही; आपल्याकडेही जमिनी खंडानं आणि अर्धेलीनं कसल्या जातात. पहिल्या वर्षाच्या मुलांना आपल्या गावातल्या अशा एका व्यवहारावर पानभर इंग्रजी जरूर लिहायला द्यावं.