फडक्याखाली झिजणारी चकाकी

नव्या मोटारीची चकाकी दोन-तीन वर्षांत मंदावली की बहुतेक मालक त्याचे खापर ऊन, पाऊस आणि रस्त्यावरची धूळ यांच्यावर फोडतात. या तिन्हींचा वाटा नाकारता येत नाही. तथापि जी झीज डोळ्यांना सर्वप्रथम खुपते ती बहुतांशी गाडी स्वच्छ करण्याच्या खटाटोपातूनच घडलेली असते, आणि म्हणून घरच्या घरी गाडीची निगा राखू पाहणाऱ्याने तिला काय लावावे यापेक्षा तिच्यावर काय घासू नये, हे आधी जाणून घेणे इष्ट ठरते.

कारखान्यात पत्र्याचा सांगाडा प्रथम रंगद्रव्याच्या हौदात बुडवून त्यातून विद्युत्प्रवाह सोडला जातो, त्यामुळे गंजरोधक थर सांध्यांपर्यंत आणि पोकळ्यांपर्यंत पोहोचतो. त्यावर प्रायमर, प्रायमरवर प्रत्यक्ष रंगछटा देणारा बेस कोट आणि सर्वांत वर क्लिअर कोट नावाचा पारदर्शक थर अशी ही रचना असते. या सर्वांची मिळून जाडी साधारणतः १०० ते १५० मायक्रॉन भरते (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आणि त्यापैकी क्लिअर कोटच्या वाट्याला सुमारे ३५ ते ५० मायक्रॉनच येतात, म्हणजे माणसाच्या डोक्यावरचा केससुद्धा बहुधा त्याहून जाड असतो. रंगाला झळाळी याच थरामुळे येते आणि सूर्यप्रकाशातील अतिनील किरण शोषून घेणारी द्रव्येही त्यात मिसळलेली असतात. मात्र एकदा झिजलेला क्लिअर कोट कोणत्याही पॉलिशने भरून येत नाही.

रस्त्यावरच्या धुळीत क्वार्ट्झचे, म्हणजे गारेचे, सूक्ष्म कण असतात आणि खनिजांची कठीणता मोजणाऱ्या मोह्स श्रेणीत त्यांचा क्रमांक ७, म्हणजे साध्या काचेच्याही वर, लागतो. अशी धूळ बसलेल्या बॉनेटवरून कोरडे फडके फिरवणे म्हणजे अतिशय बारीक पॉलिश-कागद फिरवण्यासारखेच होय. शहरांतील सोसायट्यांमध्ये पहाटे एक बादली आणि एक फडके घेऊन ओळीने दहा-पंधरा गाड्या पुसणारा माणूस सर्वांच्या परिचयाचा आहे. तिसऱ्या-चौथ्या गाडीपाशी त्याच्या बादलीतले पाणी मातकट झालेले असते आणि पुढच्या प्रत्येक गाडीवर आधीच्यांची माती घासली जाते. यात दोष त्याला देण्यात अर्थ नाही, कारण महिन्याकाठी हातावर टेकवल्या जाणाऱ्या रकमेत याहून निराळ्या कामाची अपेक्षा धरणाऱ्या मालकाचाच हिशेब चुकलेला असतो. या पुसण्याचा परिणाम काळ्या किंवा गडद निळ्या गाडीवर पेट्रोल पंपाच्या दिव्याखाली स्पष्ट दिसतो: उजेडाच्या प्रतिबिंबाभोवती बारीक रेषांची वर्तुळेच वर्तुळे उमटलेली असतात. प्रत्यक्षात हे ओरखडे सर्व दिशांना गेलेले असून त्यांपैकी प्रकाशाला आडवे असलेलेच चमकत असल्यामुळे वर्तुळाचा भास होतो. पांढऱ्या गाडीवर ते तितकेच असतात. केवळ लपून राहतात.

यावरील उपाय खर्चिक नाही. गाडी सावलीत उभी करून, पत्रा गार झाल्यावर, प्रथम केवळ पाण्याने सुटी माती वाहून जाऊ द्यावी आणि मगच हात लावावा. जाणकार मालक त्यानंतर दोन बादल्या वापरतात. एकीत गाडीचा शाम्पू कालवलेले पाणी आणि दुसरीत नुसते पाणी असते, आणि पुसण्याचा मोजा दर खेपेस आधी साध्या पाण्यात खळबळून मगच पुन्हा शाम्पूत बुडवला जातो. टपापासून सुरुवात करून खाली येण्याचे कारण एवढेच की, सर्वांत जाड खडी आणि चिखल दरवाजांच्या खालच्या भागांवर असतो. भांडी घासण्याचा साबण मेणाचा थर काढून टाकत असल्याने तो टाळलेला बरा. पुसण्यासाठी लागणारे मायक्रोफायबर कापड हे पॉलिएस्टर आणि पॉलिअमाइड यांच्या अतिसूक्ष्म चिरलेल्या तंतूंचे असून ते धूळ आपल्या लवीत ओढून घेते. परंतु हेच कापड जमिनीवर पडले तर ते खडेही तितक्याच आवडीने उचलते, तेव्हा पडलेले कापड पुन्हा रंगावर नेऊ नये.

पाण्याचा प्रश्न महाराष्ट्रात दुहेरी आहे. उन्हाळ्यात टंचाई असते, म्हणून नळी सोडून गाडी धुण्यापेक्षा बादलीचा वापर हा सामाजिकदृष्ट्याही योग्य ठरतो. आणि जेथे बोअरचे पाणी वापरले जाते तेथे त्यातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार थेंब वाळताच पांढऱ्या कड्यांच्या रूपाने रंगावर व काचेवर चिकटून राहतात. ताजे डाग पाण्यात पातळ केलेल्या व्हिनेगरने निघतात, कारण त्यातील सौम्य आम्लात कार्बोनेट विरघळते. त्यानंतर तो भाग लगेच धुऊन कोरडा करावा लागतो. पक्ष्यांच्या विष्ठेच्या बाबतीत मात्र दिरंगाई चालत नाही, कारण तिच्यात यूरिक आम्ल असते आणि भर उन्हात तापून मऊ पडलेला क्लिअर कोट संध्याकाळी थंड होताना वाळलेल्या विष्ठेभोवती आकसून तिचा ठसाच घेतो. ती खरवडू नये. ओले कापड काही मिनिटे वर ठेवून, मऊ पडल्यावर अलगद उचलावी. आंब्याखाली गाडी उभी करणाऱ्यांना मोहोराच्या दिवसांत तुडतुड्यांच्या चिकट स्रावाचाही असाच अनुभव येतो.

मागील पिढीचा सल्ला येथे बऱ्याचदा आडवा येतो. प्रीमियर पद्मिनी किंवा अ‍ॅम्बॅसडर बाळगणारे मालक दिवाळीच्या सुमारास रबिंग पॉलिशने गाडी जोर लावून घासत आणि फडक्यावर गाडीचाच रंग उतरे. त्या काळच्या रंगावर सहसा स्वतंत्र पारदर्शक थर नसल्याने, उन्हाने विटलेला पापुद्रा काढून खालचा ताजा रंग वर आणण्याची ती रीत त्या गाड्यांपुरती बरोबरच होती. आजच्या गाडीवर तोच उत्साह दाखवला तर जे खर्ची पडते ते वर सांगितलेल्या मोजक्या मायक्रॉनांतून. म्हणून कंपाउंडचा, म्हणजे घासून काढणाऱ्या लेपाचा, वापर वर्षानुवर्षे आलेल्या ओरखड्यांवर क्वचितच आणि शक्यतो रंगाची जाडी मोजून करावा, तर मेण किंवा तत्सम संरक्षक लेप वरचेवर लावण्यास हरकत नाही.

संरक्षक लेपांच्या बाजारात मात्र शब्दांचीच चकाकी अधिक आढळते. कार्नौबा मेण हे ईशान्य ब्राझीलमधील एका ताडाच्या पानांवरून मिळते, सुमारे ८२ ते ८६ अंश सेल्सिअसला वितळते आणि रंगावर काही आठवडे ते दोन-एक महिने टिकते. त्याचा दावा माफक आणि काम प्रामाणिक असते. टेफ्लॉन कोटिंगची गोष्ट वेगळी आहे. १९३८ साली ड्यूपॉन्ट कंपनीतील रॉय प्लंकेट यांना योगायोगाने सापडलेला हा पदार्थ सुमारे ३२७ अंशांना वितळतो आणि तव्यावर तो पक्का बसवण्यासाठी भट्टीची तशीच उष्णता द्यावी लागते. गाडीचा रंग ती सोसूच शकत नसल्यामुळे, कापडाने चोळून लावलेल्या पॉलिशमध्ये टेफ्लॉनचे कण असले तरी तव्यासारखा थर तयार होत नाही. सिरॅमिक कोटिंग हे त्या तुलनेत खरोखर टिकाऊ असते, कारण त्यातील सिलिकॉनयुक्त द्रव्ये रंगावर घट्ट धरून पाणी निथळवणारा पातळ थर तयार करतात. तथापि त्याच्या जाहिरातीतील ‘९एच’ हा आकडा पेन्सिलच्या शिशांनी घेतलेल्या चाचणीचा असतो, मोह्स श्रेणीचा नव्हे, आणि त्यामुळे हिऱ्याच्या जवळपासची कठीणता लाभल्याच्या समजुतीने कोरडे फडके चालवणाऱ्याच्या पदरी पुन्हा तेच ओरखडे येतात.

पिवळ्या पडलेल्या हेडलाइटवर टूथपेस्ट चोळण्याचा उपाय असाच लोकप्रिय आहे. हेडलाइटचे आवरण पॉलिकार्बोनेट या प्लास्टिकचे असते आणि त्यावरील अतिनीलरोधक लेप जीर्ण झाला की ते पिवळे व धूसर होते. टूथपेस्टमधील बारीक घर्षक तो पापुद्रा काढतो, दिवा उजळतो, परंतु उघडे पडलेले प्लास्टिक काही महिन्यांत पुन्हा पिवळे होते, जोवर घासण्यानंतर नवा रोधक लेप दिला जात नाही.

कोकणपट्टी आणि गोव्यात रंगापेक्षाही गंजाची काळजी मोठी आहे, कारण खाऱ्या हवेतील क्लोराइडमुळे जेथे पत्रा उघडा पडला असेल तेथे गंज झपाट्याने पसरतो. दरवाजांच्या तळाशी पाणी निथळण्यासाठी बारीक छिद्रे असतात आणि पुढच्या काचेखालच्या जाळीतून आलेले पावसाचे पाणीही अशाच वाटांनी बाहेर पडते. पानांचा चुरा आणि चिखल यांनी या वाटा बुजल्या की पाणी आत साचून पत्रा आतून सडतो आणि बाहेर फोड दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. पावसाळ्यापूर्वी ही छिद्रे लाकडी काडीने मोकळी करणे हे दहा मिनिटांचे काम असून कोणत्याही महागड्या अंडरकोटिंगइतकेच मोलाचे आहे.

बॉनेटखालील कामांपैकी इंजिन ऑइलची पातळी काठीवर पाहणे, टायरची हवा गाडी थंड असताना ड्रायव्हरच्या दाराजवळील पट्टीवर दिलेल्या आकड्याप्रमाणे ठेवणे आणि बॅटरीच्या टर्मिनलवरील पांढरट-हिरवट बुरा सोड्याच्या पाण्याने काढणे एवढी मालकाने बिनधास्त करावीत. बॅटरी सोडवताना निगेटिव्ह तार आधी काढावी आणि जोडताना शेवटी लावावी. कूलंटमध्ये नळाचे पाणी ओतू नये, कारण त्याचे क्षार रेडिएटरच्या नळ्यांत साचतात, आणि इंजिन तापलेले असताना रेडिएटरचे झाकण तर कधीच उघडू नये, कारण आतला दाब निघताच उकळते द्रव्य अंगावर उसळते. सांडलेले कूलंटही तत्काळ पुसावे लागते, कारण त्यातील इथिलीन ग्लायकॉल गोडसर आणि विषारी असून कुत्री-मांजरे ते चाटतात. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली जाणे आणि ब्रेकची कामे घरी उरकणे या दोन बाबींना मात्र थारा नसावा. ब्रेक फ्लुइड हवेतील ओलावा शोषते, त्यामुळे डॉट-४ प्रतीच्या द्रव्यासाठी कोरड्या अवस्थेत किमान २३० अंश असणारा उत्कलनबिंदूचा निकष ओलावा मुरल्यावर १५५ अंशांवर येतो आणि घाटाच्या उतारावर पेडल खाली बसू शकते. शिवाय त्याचा एक थेंब रंगावर सांडला आणि लगेच पाण्याने धुतला गेला नाही, तर तो क्लिअर कोटसकट खालचा रंगही उचलून नेतो.