ज्या, कोटिज्या आणि 'नसलेली' संख्या

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत कुंभारवाड्याची एक माजी विद्यार्थिनी घरी आली. प्राथमिक शिक्षण मराठीतून झालेली ही हुशार मुलगी पदवीपूर्व विज्ञानवर्गात दाखल झाली होती. "गुरुजी, त्रिकोणमिती आणि कॉम्प्लेक्स नंबर काही केल्या उमगत नाहीत. कलाशाखेत जाते," एवढे बोलून तिने डोळ्यांना पदर लावला.

मी मराठीचा एम. ए.; गणितातला अधिकारी नव्हे. म्हणून म्हटले, "आधी शब्दांची ओळख करून घेऊ."

ज्या 'साइन'ला ती भीत होती, तो आपलाच 'ज्या' शब्द. ज्या म्हणजे धनुष्याची दोरी. तिचे दुसरे नाव जीवा. अरबी पंडितांनी त्याचे 'जीबा' केले. पुढे ते 'जैब' असे वाचले गेले आणि त्या शब्दाचे लॅटिन भाषांतर 'सायनस' झाले. माहेरची लेक परदेशी वेषात परतली, इतकेच!

मग आम्ही अंगणात उतरलो. तिला पूर्वेकडे तोंड करून उभे केले. पूर्व ही धन दिशा, पश्चिम ऋण. एकदा डावीकडे वळली, उत्तर आली. पुन्हा डावीकडे वळली, पश्चिम आली. एका डाव्या वळणाला 'आय' म्हणा. दोन वळणे मिळून उणे एक. म्हणजेच आयचा वर्ग उणे एक. संमिश्र संख्येचे हे वळणाचे रूप नॉर्वेत जन्मलेले भूमापक कास्पर वेसेल यांनी १७९७ साली कोपनहेगनच्या विद्वत्सभेपुढे मांडले होते.

आता गुणाकार म्हणजे वळणांची बेरीज. ४५ अंशांच्या वळणास ३० अंशांच्या वळणाने गुणले की ७५ अंश होतात. प्रत्येक वळण 'कोटिज्या अधिक आय गुणिले ज्या' असे लिहून तिने कंस सोडविले. आयसहित पदे एकत्र केली, तेव्हा ७५ अंशांची ज्या मिळाली: सहाचे वर्गमूळ अधिक दोनाचे वर्गमूळ, भागिले चार, सुमारे ०.९६६. पाठ करूनही विसरणारे बेरजेचे सूत्र तिच्या हातून आपोआप उतरले होते.

हेच सूत्र सह्याद्रीच्या आश्रयाने राहिलेल्या भास्कराचार्यांनी ११५० साली रचलेल्या 'सिद्धान्तशिरोमणी'तील ज्योत्पत्तीत दिले आहे. चाळीसगावजवळील पाटणच्या शके ११२८ च्या शिलालेखात, त्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापिल्याची नोंद आहे. नवल असे, की ऋण संख्येला वर्गमूळ नाही, कारण ती वर्ग नव्हे, असे याच आचार्यांनी बीजगणितात बजावले होते. त्यांनी जिला 'नाही' म्हटले, तीच संख्या शतकांनंतर त्यांच्याच सूत्राची सोपी वाट ठरली. एवढ्या थोर बुद्धीलाही जे दिसले नाही, ते सोळा वर्षांच्या मुलीला पहिल्या महिन्यात दिसले नाही, तर त्यात लाज कसली?

ती विज्ञानशाखेतच राहिली आहे. गुण किती पडतील, ते परीक्षा ठरवील.

परप्रांतीच्या मराठी घरांना एवढेच सांगणे: मुलाने उत्तर इंग्रजीत वा कन्नडात लिहावे, जरूर लिहावे, परंतु गणित सोडविण्यापूर्वी ते घरच्या भाषेत एकदा आईला सांगून पाहावे. जे सांगता येते, ते सुटतेही.