उंचीची पट्टी आणि वेगाचे घड्याळ

जून-जुलैमध्ये महाविद्यालयांचे प्रवेश सुरू झाले, की गुणपत्रिकांच्या रांगेशेजारी आणखी एक निवड चालू असते. क्रीडा विभागाला संघ बांधायचा असतो, आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा जिंकायच्या असतात आणि विद्यापीठाच्या संघात आपले दोन-चार खेळाडू जावेत, अशी साहजिक इच्छा असते. त्यासाठी शुल्कात सवलत, वसतिगृहात जागा, जेवणाची सोय अशी आश्वासने दिली जातात. परंतु ही निवड करणारी नजर बहुधा प्रथम उमेदवाराच्या उंचीकडे आणि खांद्यांकडे जाते. अंगाने भरलेला मुलगा चटकन पसंत पडतो. पायांत वारे असलेल्या, पण चणीने लहान मुलाला ‘थोडा वाढ, मग पुढच्या वर्षी ये’ असे सांगून परत पाठविले जाते. पुष्कळदा तो पुढच्या वर्षी येतच नाही.

छत्रपती संभाजीनगर येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या कक्षेत आज छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड व धाराशिव हे चार जिल्हे येतात. त्यातील कोरडवाहू गावांतून येणाऱ्या मुलामुलींच्या दृष्टीने हा प्रश्न केवळ खेळापुरता राहत नाही. त्यांच्या शिक्षणाशी आणि पुढील उपजीविकेशी तो निगडित आहे. म्हणूनच निवडीचा हा निकष कितपत शास्त्रीय आहे, हे तपासून पाहणे अगत्याचे ठरते.

अमेरिकेचा अनुभव

धिप्पाड देहाचे महत्त्व ज्या खेळात सर्वाधिक मानले जाते, तो खेळ म्हणजे अमेरिकन फुटबॉल. चेंडू हातात घेऊन धावायचे आणि आडव्या येणाऱ्या पहाडांसारख्या माणसांतून वाट काढायची, असे त्याचे स्वरूप. तेथे महाविद्यालये शाळकरी खेळाडूंना शिष्यवृत्ती देऊन आपल्याकडे ओढतात, आणि त्या निवडीत उंची व वजन यांची काटेकोर नोंद होते. कॅन्सस राज्यातील बॅरी सँडर्स हा विद्यार्थी उंचीने अवघा ५ फूट ८ इंच. त्यामुळे मोजक्याच महाविद्यालयांनी त्याच्याविषयी उत्सुकता दाखविली. ओक्लाहोमा स्टेट विद्यापीठाने त्याला घेतले आणि १९८८ च्या हंगामात ११ सामन्यांत त्याने २,६२८ यार्ड धाव घेऊन विक्रम केला. महाविद्यालयीन खेळाडूला मिळणारा सर्वोच्च मानाचा हाइझमन करंडकही त्याच वर्षी त्याला मिळाला. ज्यांनी त्याला नाकारले, त्यांच्या वहीतील उंचीची नोंद चुकीची नव्हती. त्या नोंदीवरून त्यांनी काढलेला निष्कर्ष चुकला होता.

आपल्याकडेही याला तोड नाही असे नाही. पुण्याजवळच्या खडकीत वाढलेल्या धनराज पिल्ले यांची अंगकाठी सडपातळच होती. पण त्यांच्या वेगापुढे युरोपातील दणकट बचावफळ्या मागे पडत. १९९२ ते २००४ या काळात ते चार ऑलिंपिक खेळले आणि त्यांच्या नेतृत्वाखाली भारताने १९९८ च्या बँकॉक आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळविले.

खो-खोची शिकवण

तथापि परदेशी उदाहरणांवर विसंबण्याची गरज मराठी वाचकाला नाही. खो-खो हा खेळ आपल्याच मातीत वाढला आणि त्याला नियमांची चौकट प्रथम पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ च्या सुमारास दिली. मध्यपाटीच्या दोन टोकांना दोन खांब आणि मध्ये आळीपाळीने विरुद्ध दिशांना तोंडे करून बसलेले आठ खेळाडू, अशी ही रचना. पाठलाग करणाऱ्याने एकदा दिशा पकडली की त्याला मागे फिरता येत नाही, मध्यपाटी ओलांडता येत नाही. पळणारा मात्र हवा तेथून वळू शकतो. साहजिकच येथे लांबलचक धावेपेक्षा पहिली तीन-चार पावले, अचानक थांबणे, हुलकावणी देणे आणि बसल्या जागेवरून झटकन उठणे यांना मोल येते.

या हालचालींत लहान चणीच्या खेळाडूला निसर्गानेच काही अनुकूलता दिली आहे. शरीर आकाराने वाढत जाते, तेव्हा वजन ज्या प्रमाणात वाढते त्या प्रमाणात स्नायूंची ताकद वाढत नाही. त्यामुळे हलक्या शरीराला आपले स्वतःचे वजन उचलणे, थोपविणे आणि वळविणे तुलनेने सोपे जाते. गुरुत्वमध्य जमिनीलगत असल्याने वळताना तोलही सहज राहतो. अर्थात खांबापाशी सूर मारताना लांब हाताचा उपयोग होतोच. चांगल्या संघाला दोन्ही प्रकारचे खेळाडू लागतात, एवढेच यावरून सिद्ध होते.

या खेळात मराठवाड्याने काय मिळविले, हे सर्वज्ञात आहे. धाराशिवच्या सारिका काळे यांच्या नेतृत्वाखाली २०१६ मध्ये भारतीय महिलांनी दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकले आणि २०२० मध्ये त्यांना अर्जुन पुरस्कार लाभला. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झालेल्या पहिल्या खो-खो विश्वचषकात भारताचे दोन्ही संघ विजयी झाले आणि त्या दोन्ही संघांचे कर्णधार, प्रतीक वाईकर व प्रियांका इंगळे, महाराष्ट्राचेच होते.

दुसरी बाजू

या युक्तिवादाला मर्यादा आहेत, हेही मान्य केले पाहिजे. पुरुषांच्या व्हॉलीबॉलची जाळी २.४३ मीटर उंचीवर असते आणि बास्केटबॉलचे कडे ३.०५ मीटरवर. तेथे उंचीला महत्त्व देणारा प्रशिक्षक अन्याय करीत नाही. कबड्डीत प्रश्न अधिक नाजूक आहे. आंतरराष्ट्रीय सामन्यांत पुरुषांना ८५ किलोची मर्यादा असते. साहजिकच तिच्या जवळ जाणाऱ्या दणकट खेळाडूंची पकडीसाठी निवड होते. साठ किलोचा चढाईपटू त्यांच्या साखळीत सापडला, तर गुण जाण्याबरोबर गुडघा किंवा खांदाही जाऊ शकतो. चपळ मुलाला केवळ कौतुकाने मैदानात ढकलणे हा पुरुषार्थ नव्हे. पडावे कसे, सुटावे कसे याचे शिक्षण, ताकदीचा व्यायाम आणि पुरेसा आहार यांची जबाबदारी त्याला निवडणाऱ्यावर येते. ती घेण्याची तयारी नसेल, तर निवडही करू नये.

वाढीचे गणित

शालेय स्पर्धा १४, १७ व १९ वर्षांखालील गटांत होतात. परंतु एकाच जन्मवर्षाच्या दोन मुलांची वाढ एकाच वेळी होत नाही. मुलग्यांत उंचीची मोठी झेप साधारणतः चौदाव्या वर्षाच्या आसपास येते. कोणाला ती दोन वर्षे आधी येते, कोणाला दोन वर्षे नंतर. आधी वाढलेला मुलगा चौदाव्या वर्षी मैदान गाजवितो, त्याला सराव व स्पर्धा मिळतात. उशिरा वाढणारा तोवर खेळ सोडून गेलेला असतो. महाविद्यालयाच्या दाराशी येणाऱ्या उमेदवारांची अशी एक चाळणी आधीच झालेली असते. तीतूनही जो लहानखुरा मुलगा टिकून आला, त्याने अंगबळाची उणीव वेगाने व बुद्धीने भरून काढलेली असण्याचा संभव अधिक. त्याला पुन्हा पट्टीखाली उभे करणे म्हणजे त्याच गोष्टीची दुसऱ्यांदा शिक्षा देणे होय.

शिवाय उंची ही केवळ आईबापांकडून येत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील सुमारे ३५ टक्के बालके वयाच्या मानाने खुजी आहेत. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगारांची मुले वर्षातील कित्येक महिने आईबापांबरोबर फडावर काढतात. त्यांच्या शाळेबरोबर त्यांचे दूध आणि भाजीही सुटते. अशा मुलाची उंची मोजताना पट्टी त्याच्या गुणांपेक्षा त्याच्या घरातील चुलीचीच अधिक नोंद घेत असते.

या निवडीवर पुढे बरेच काही अवलंबून असते. राज्याच्या शासकीय सेवेत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. त्यासाठी स्पर्धेतील यशाचे प्रमाणपत्र लागते आणि संघात जागा मिळाल्याखेरीज प्रमाणपत्र मिळत नाही. पोलीस शिपाई भरतीत पुरुषांना सर्वसाधारणपणे १६५ सेंटिमीटर उंचीची अट असल्याने ग्रामीण तरुणांचा तो मार्गही लहान चणीच्या मुलाला बंदच असतो. ज्याला एक दार उंचीमुळे मिटले, त्याला मैदानाचे दारही त्याच कारणाने मिटावे काय?

रीत बदलावी

उपाय खर्चाचा नाही. निवड चाचणीत आधी ३० मीटर धाव, १० मीटरच्या फेऱ्यांची मागेपुढे धाव आणि उभ्याने लांब उडी घ्यावी. थोड्या विश्रांतीनंतर तीच धाव पुन्हा घ्यावी, म्हणजे दमल्यावर वेग किती टिकतो हे समजेल. मग प्रत्यक्ष खेळ पाहावा. उंची व वजन शेवटी नोंदवावे आणि तेही कोणत्या जागेवर खेळवायचे हे ठरविण्यासाठी. एका सकाळच्या चाचणीवर निकाल देण्याऐवजी वर्षातून दोनदा संधी द्यावी. हे सारे एका स्टॉपवॉचवर आणि चुन्याच्या चार रेघांवर होऊ शकते. भारतीय क्रीडा प्राधिकरणाचे केंद्र याच शहरात आहे. तेथील प्रशिक्षकांचे मार्गदर्शन महाविद्यालयांच्या क्रीडा शिक्षकांना मिळवून देणे विद्यापीठाला अवघड नाही.

गावोगावच्या शिक्षकांचाही यात वाटा आहे. शाळेच्या पटांगणावर कोणता मुलगा कोणाच्याच हाती लागत नाही, हे त्यांना नेमके ठाऊक असते. त्याचे नाव आणि त्याच्या धावेची वेळ चार ओळींच्या पत्राने महाविद्यालयाला कळविली, तरी पुष्कळ काम होईल. प्रवेशाचा पुढील हंगाम येण्यापूर्वी एवढे झाले, तर मराठवाड्यातील काही मुले घरी परत न जाता मैदानावर राहतील.