कृषि जैवसुरक्षा

कृषि जैवसुरक्षा : पिके व पाळीव जनावरे यांना अपाय करणारे कीटक, रोगकारक सूक्ष्मजीव, तणे इ. जीव एखाद्या प्रदेशात बाहेरून येऊ न देणे, आल्यास ते वेळीच ओळखून त्यांचे निर्मूलन करणे आणि निर्मूलन अशक्य झाल्यास त्यांना आटोक्यात ठेवणे, या सर्व उपायांना मिळून ‘कृषि जैवसुरक्षा’ अशी संज्ञा आहे. प्रस्तुत नोंदीत वनस्पतींविषयीचे उपाय व त्यांकरिता लागणारे संशोधक तयार करण्याची व्यवस्था यांचा विचार केला आहे.

परदेशातून आलेली प्रत्येक जाती घातक असते असे नाही. मिरची, बटाटा व टोमॅटो ही पिके मूळची अमेरिका खंडांतीलच आहेत. तथापि काही जातींना नव्या प्रदेशात त्यांचे नैसर्गिक शत्रू नसल्याने मोकळे रान मिळते व त्या झपाट्याने पसरतात. अशा जातींना आक्रमक जाती म्हणतात.

इतिहास : एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील द्राक्षवेलींबरोबर फायलोक्सेरा हा कीटक यूरोपात पोहोचला व फ्रान्समधील द्राक्षमळ्यांची अतोनात हानी झाली. त्यास आळा घालण्यासाठी १८७८ मध्ये बर्न येथे काही यूरोपीय राष्ट्रांनी करार केला. वनस्पतिसंरक्षणाचा व्यापक आंतरराष्ट्रीय करार १९५१ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेच्या आश्रयाखाली झाला.

भारतात १९०६ मध्ये, कपाशीच्या बोंडांवरील मेक्सिकन सोंडकिड्याच्या भीतीमुळे, परदेशी कापूस मुंबई बंदरात विषारी धुरी दिल्यावरच आत घेण्याचे ठरले. उपद्रवी कीटक व कीड यांविषयीचा कायदा १९१४ मध्ये झाला. त्याच कायद्याखाली २००३ मध्ये काढलेल्या आदेशानुसार वनस्पती व वनस्पतिजन्य माल यांच्या आयातीचे नियमन होते. फरीदाबाद येथील केंद्रीय वनस्पतिसंरक्षण संचालनालय हे काम पाहते. संशोधनासाठी आणलेल्या बियाण्यांची व कलमांची तपासणी नवी दिल्लीच्या राष्ट्रीय वनस्पति आनुवंशिक संसाधन केंद्राकडे असते. या क्षेत्रासाठी स्वतंत्र प्राधिकरण स्थापण्याचे विधेयक २०१३ मध्ये लोकसभेत मांडले गेले. परंतु पुढील वर्षी लोकसभा विसर्जित झाल्याने ते व्यपगत झाले.

काही उदाहरणे : गाजर गवत वा काँग्रेस गवत (पार्थेनियम हिस्टेरोफोरस) या तणाची नोंद १९५५ च्या सुमारास पुण्यात झाली. परदेशी धान्याबरोबर त्याचे बी आले, असे सामान्यतः मानले जाते. मात्र ही वनस्पती त्यापूर्वीही भारतात आली होती, असे जुन्या नमुन्यांवरून काही अभ्यासकांनी दाखविले आहे. या गवतामुळे त्वचेचे व श्वसनाचे विकार होतात. त्याच्या नियंत्रणासाठी झायगोग्रामा बायकोलोराटा हा भुंगेरा मेक्सिकोहून आणून बंगलोर परिसरात सोडण्यात आला. पुढे तो कर्नाटकात सूर्यफुलाची पाने खाताना आढळला व मोठा वाद उद्‌भवला. पानांवर पडलेल्या गाजर गवताच्या परागांमुळे भुंगेरा ती पाने खाण्यास प्रवृत्त होतो, असे १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. एखादा जीव आणण्यापूर्वी व आणल्यानंतरही त्याचा सूक्ष्म अभ्यास किती आवश्यक असतो, हे यावरून कळून येते.

पपईवरील पिठ्या ढेकूण २००८ मध्ये कोईमतूर येथे आढळला आणि पपई, टॅपिओका व तुती यांचे मोठे नुकसान झाले. २०१० मध्ये प्वेर्त रीको येथून ॲसेरोफॅगस पपायी हा परजीवी कीटक व त्याच्याबरोबर आणखी दोन परजीवी जाती आणण्यात आल्या. यांपैकी ॲसेरोफॅगस पपायी या कीटकामुळे कीड बहुतांशी आटोक्यात आली. मक्यावरील अमेरिकन लष्करी अळी २०१८ मध्ये प्रथम कर्नाटकात आढळली व त्याच वर्षी ती महाराष्ट्रातही पोहोचली.

संशोधन व अधिछात्रवृत्त्या : कायदा व तपासणी नाके यांचा उपयोग जीव अचूक ओळखणाऱ्या तज्ञांवर अवलंबून असतो. एकमेकींसारख्या दिसणाऱ्या जातींपैकी नवी कोणती, हे ठरविण्यास वर्गीकरणविज्ञान, आनुवंशिकी व परिस्थितिविज्ञान यांचे सखोल ज्ञान लागते आणि ते मिळविण्यास अनेक वर्षे लागतात. कीड मात्र एखाद्या हंगामात देशभर पसरू शकते. म्हणून पीएच्‌.डी. पातळीवरील संशोधनास आर्थिक साहाय्य देणे हा जैवसुरक्षेचाच भाग समजला जातो. ऑस्ट्रेलियात या विषयाचे सहकारी संशोधन केंद्र २००५ ते २०१८ या काळात दोन टप्प्यांत चालले, त्याने पीएच्‌.डी. च्या विद्यार्थ्यांनाही साहाय्य दिले. भारतात भारतीय कृषि संशोधन परिषद स्पर्धापरीक्षेद्वारे कृषि विषयांतील पीएच्‌.डी. साठी अधिछात्रवृत्त्या देते. कीटकविज्ञान व वनस्पतिरोगविज्ञान या शाखांत असे संशोधन नवी दिल्लीच्या भारतीय कृषि संशोधन संस्थेत, तसेच राहुरी, अकोला, परभणी व दापोली येथील कृषि विद्यापीठांत करता येते. क्षेत्रीय अधिकाऱ्यांचे प्रशिक्षण हैदराबाद येथील राष्ट्रीय वनस्पति आरोग्य व्यवस्थापन संस्थेत होते.

कीड दिसल्यावर संशोधनास प्रारंभ केल्यास मधल्या काळातील हानी शेतकऱ्यास सोसावी लागते. पपईच्या बाबतीत कीड आढळल्यापासून परजीवी कीटक येईपर्यंत दोन वर्षे गेली. हा कालावधी कमी करणे, हेच या संशोधनाचे मुख्य प्रयोजन होय.