विजेच्या बिलातली पेन्शन

आपल्या एका श्रोत्या मावशींची लेक लग्न होऊन दिल्लीला गेली. तिनं विजेच्या बिलाचा फोटो आईला पाठवला आणि विचारलं, "वीज मी वापरते, मग यात पेन्शन कुणाची?" बिलात 'पेन्शन ट्रस्ट अधिभार' अशी ओळ होती. मावशींनी तो फोटो आम्हाला दाखवला, म्हणून आजचा हा विषय.

दिल्लीत पूर्वी 'दिल्ली विद्युत बोर्ड' होतं. २००२ साली ते मोडून वेगवेगळ्या कंपन्या झाल्या. बोर्डाच्या जुन्या कर्मचाऱ्यांच्या निवृत्तिवेतनासाठी एक ट्रस्ट नेमला गेला, पण त्यातला पैसा पुरेना. मग वीज नियामक आयोगानं ग्राहकांच्या बिलावर अधिभार लावला. तो २०१८ मध्ये ३.८ टक्के होता, २०२० मध्ये ५ झाला आणि २०२१ मध्ये ७. स्थिर आकार आणि वीज आकार मिळून १५०० रुपये झाले, तर ७ टक्क्यांनी १०५ रुपये या ओळीत जातात. वीज कंपनी ते गोळा करते आणि ट्रस्टकडे देते. कंपनीचा तो नफा नव्हे.

पण पैसा कमी पडतोच कसा? इथंच हिशेबाची खरी गोम आहे.

लाइनमन आज खांबावर चढला, तर आज त्याचा पगार झाला आणि म्हातारपणीच्या पेन्शनचा एक तुकडाही आजच त्याच्या नावावर जमा झाला. पैसे वीस वर्षांनी द्यायचे असले तरी खर्च आजचाच. ठरावीक पेन्शनचं वचन दिलेल्या कंपनीनं तो आजच्याच वहीत लिहावा, असा आता लेखांकनाचा नियम आहे. नाहीतर किराणा दुकानातली उधारी वहीत न मांडता महिना काटकसरीत गेला म्हणण्यासारखं होईल!

तो तुकडा केवढा, हे विमागणिती ठरवतात. माणूस किती जगेल, पगार किती वाढेल, याचा ते अंदाज बांधतात. पत्नीचं वयही धरावं लागतं, कारण नवऱ्यामागे कुटुंब निवृत्तिवेतन तिला मिळायचं असतं. बायका जास्त जगतात, हेही या गणितात येतं बरं का.

मग येतो व्याजदर. वीस वर्षांनी १० लाख द्यायचे आहेत. दर ७ टक्के धरला, तर आजच्या वहीत सुमारे २ लाख ५८ हजारांचं देणं दिसतं. दर ६ टक्के धरला, की तेच देणं ३ लाख १२ हजारांच्या आसपास जातं. माणूस तोच, वचन तेच, फक्त दर बदलला. म्हणून हा दर कंपनीच्या मर्जीवर सोडलेला नाही. आपल्याकडे तो साधारणपणे सरकारी रोख्यांच्या दरावरून घेतात.

पुढच्या वर्षी त्या २ लाख ५८ हजारांवर सुमारे १८ हजार व्याज चढतं. तेही पेन्शनच्या खर्चात धरतात. निधीत बाजूला ठेवलेला पैसा असेल, तर त्याच दरानं त्यावरचं उत्पन्न वजा करतात. अंदाज चुकल्यामुळे देणं वाढलं किंवा घटलं, तर तो फरक मात्र वर्षाच्या मुख्य नफ्यात न मिसळता वेगळा दाखवतात. त्यामुळे नुसता नफ्याचा आकडा वाचणाऱ्याला तो दिसतच नाही.

वीज कंपनीत याला आणखी एक पदर असतो. आयोगानं मान्य केलेला खर्च ग्राहकाकडून वसूल होतो. ज्या वर्षी लाइनमन राबला, त्या वर्षीच पैसा बाजूला पडला, तर तेव्हाचे ग्राहक तो भरतात. तेव्हा पडला नाही, तर तो नंतरच्यांच्या बिलात येतो. मावशींची लेक आज भरते आहे ती २००२ च्या आधी दिल्लीत तारा ओढणाऱ्यांची पेन्शन. तिला हा अन्याय वाटला, तर आम्ही तिला चूक म्हणणार नाही. पण त्या अधिभारावर कुणा निवृत्त लाइनमनच्या विधवेची महिन्याची औषधं येतात. तेव्हा राग करायचाच, तर वेळेवर पैसा बाजूला न ठेवणाऱ्यांचा करावा.

तुमच्या घरात कुणी अशा कंपनीत असेल, तर वार्षिक अहवालात 'कर्मचारी लाभ' ही टीप उघडायला सांगा. देणं किती आणि निधीत किती, हे दोन आकडे तिथं शेजारी शेजारी असतात.