विशीतल्या फुटबॉलपटूचा तोल का जातो?

1998 च्या विश्वचषकात अर्जेंटिनाच्या सिमिओनेने पाडल्यावर 23 वर्षांच्या डेव्हिड बेकहॅमने पडल्या पडल्याच त्याला पाय मारला आणि लाल कार्ड ओढवून घेतले. राग-भीती जागवणारे मेंदूतले भाग किशोरवयातच जोरात असतात. त्यांना आवरणारा कपाळामागचा भाग मात्र साधारण पंचविशीपर्यंत घडत राहतो. बैल उधळलेला, कासरा अजून वळला जातोय, अशी ही अवस्था. त्यात घरही लवकर सुटते. स्पेनचा फुटबॉलपटू आंद्रेस इनिएस्ता बाराव्या वर्षी बार्सिलोना क्लबच्या ‘ला मासिया’ या वसतिगृहात आला, तेव्हा आईवडिलांच्या आठवणीने रडत असे. मन शांत करणे मूल आधी मोठ्यांच्या सोबतीत शिकते, मग एकट्याने. ती सोबत तुटू देणे घातकच. म्हणून अनेक इंग्लिश क्लब परगावच्या मुलांना यजमान कुटुंबांत ठेवतात. तिथे जेवणाच्या टेबलावर सामन्याखेरीजही बोलणे होते.